एका माणसाचं धुणं

बायको गेल्यावर जवळजवळ चार महिने मी धुणं घरातच वाळत घातलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत सुतळी बांधली होती. तिच्यावर शर्ट, पँट, बनियन, टॉवेल असं सगळं लोंबत असायचं. घरात वावरताना वाकून जावं लागायचं, आणि विसरलो की ओला टॉवेल गालाला लागायचा. तरी मी गच्चीवर गेलो नाही.

कारण सांगायला आता लाज वाटत नाही, तेव्हा फार वाटायची. आमची इमारत पंचवटीत, आडगाव नाक्याच्या बाजूला. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, वर सगळ्यांची मिळून एक गच्ची. सकाळी नऊ ते अकरा ती बायकांची. पुरुष वर जायचे ते अँटेना हलवायला, नाहीतर संक्रांतीला पतंग उडवायला. ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढणारा पुरुष मी तरी पाहिला नव्हता. आणि कुणी हसलं असतं तर ते मी सोसलं असतं. मला धास्ती होती ती दुसरीच. माझं धुणं पाहून बायका बोलायच्या थांबतील, आणि मी खाली उतरेपर्यंत कुणी काही बोलणार नाही, याची.

मी ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होतो. सकाळी साडेसहाला नाक्यावर बस यायची. कारखान्यात माझ्या हाताला मान होता. केसाएवढी फट बोटाला कळायची. घरात मात्र मला काहीच येत नव्हतं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पण आपला शर्ट कसा धुतात, कुठं वाळवतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. कपाट उघडलं की घड्या घातलेले कपडे असायचे. त्यांना एक कोरडा, किंचित भाजल्यासारखा वास असायचा. मला वाटायचं, तो साबणाचा.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तेराव्याला सटाण्याहून तिची मावशी आली होती. दुसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "भाऊजी, पोरीला मी घेऊन जाते. तुमच्या ड्युट्या अशा, घरात दुसरं बाईमाणूस नाही. माझ्या दोघी आहेत, त्यांच्यात वाढेल."

मी "हो" म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो, की मावशीनंसुद्धा वळून माझ्याकडं पाहिलं. मुलगी दाराशी उभी होती.  तिनं कपड्यांची पिशवी भरली, दप्तर घेतलं आणि मावशीबरोबर सटाण्याच्या एस.टी.त जाऊन बसली. गाडी सुटेपर्यंत मी स्टँडवर थांबलो. जागा तिला खिडकीजवळची मिळाली होती, पण तिनं बाहेर पाहिलं नाही.

त्या दिवसापासून घरात एका माणसाचं धुणं उरलं. एका माणसाचं धुणं फार थोडं असतं. बादलीच्या तळाशी राहतं.

पावसाळा सुरू झाला तसे सुतळीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळेनात. दमट बनियन अंगात घालून मी कामावर जायचो. घराला कुबट वास यायला लागला. ऑगस्टमध्ये कमरेला आणि काखेत लाल गोल चट्टे उठले. खाज अशी, की मशीनवर उभं राहून काम करता येईना. शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर वयानं मोठे होते, बोलायला तुटक.

"कपडे कुठं वाळवता?" त्यांनी विचारलं.

"घरात."

"घरात म्हणजे?"

"सुतळीवर. पंखा लावतो."

त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "हे गजकर्ण आहे. मलम देतो, त्यानं जाईल. आणि महिन्यानं परत येईल. कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवायचे, आतले तर नक्कीच. तुमच्या इमारतीला गच्ची आहे ना?"

"आहे."

"कुलूप असतं?"

"नाही."

"मग जा ना वर," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी दुसऱ्या पाळीचा आठवडा येईपर्यंत थांबलो. दुपारी साडेबाराला बायका जेवणखाणात असतात, असा हिशेब करून बादली घेऊन वर गेलो. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती. भाद्रपदातलं ऊन, डोळ्यांत खुपणारं. उत्तरेला चामरलेणीचा डोंगर हिरवागार दिसत होता. गच्चीवर लोखंडी अँगलला चार तारा ओढलेल्या होत्या. मी घाईघाईनं बादलीतला शर्ट काढला, कॉलरला एक चिमटा लावून टांगला आणि दुसरा उचलला.

"भाऊ, त्या शर्टाला फाशी का देताय?"

पाण्याच्या टाकीच्या सावलीत तळमजल्यावरची बाई गहू निवडत बसली होती. तिचा नवरा रेल्वेत होता, मुलं मोठी होऊन कामाधंद्याला लागलेली. जिन्यात येता-जाता मी तिला पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, बादली तिथंच टाकून खाली पळावं.

"उलटा धरा," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "खालची बाजू तारेला. हां. खांद्याला चिमटा लावला का तिथं कान निघत्यात. आन् आधी झटका. तसं नाय, जोरात! फाट् आवाज आला पायजे. झटकलं का निम्म्या सुरकुत्या तिथंच जात्यात."

मी झटकला. आवाज आला.

"आता तार पुसा. गंज लागंल. पुसायला काय आणलं नाय ना? घ्या." तिनं आपल्या कमरेचं फडकं काढून दिलं. "दोन कपड्यांमधी चार बोटं जागा ठेवा. वाऱ्याला वाट लागती."

मी ती सांगेल तसं करत गेलो. खिसे बाहेर काढले, पँट उलटी केली, रंगीत शर्ट टाकीच्या सावलीकडं नेला. तिनं एकदाही विचारलं नाही की तुम्ही का आलात, आणि माझ्या बायकोचं नावही काढलं नाही. शेवटचा टॉवेल घातल्यावर मी तिचं फडकं परत द्यायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "मी इगतपुरीकडची. आमच्याकडं चार महिने ऊन नाय दिसत. शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायचं आन् त्याच्यावर पोरांचे कपडे टाकायचे. सगळ्या शाळेला धुराचा वास. तुमच्याकडं ऊन असं सांडून चाललंय आन् तुम्ही घरात वाळवताय?"

म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्या इमारतीला माहीत असणार. बारा बिऱ्हाडांच्या तारांवर काय आहे आणि काय नाही, हे बायकांना न पाहता दिसतं. तारेवरची साडी कधीपासून बंद झाली, फ्रॉक कधीपासून बंद झाले, हे त्यांनी केव्हाच पाहिलं होतं.

कामावर निघण्याआधी कपडे काढले तेव्हा ते कडक झाले होते, हातात घेताना आवाज येत होता. टॉवेलला नाक लावलं आणि कपाटातला तो वास आला. 

चट्टे महिन्याभरात गेले आणि परत आले नाहीत. मी मात्र वर जातच राहिलो. पाळीप्रमाणे वेळ बदलायची, पण दिवसातून दोनदा जाणं ठरलेलं. एकदा घालायला, एकदा काढायला. आभाळ भरून आलं तर तिसऱ्यांदा. हळूहळू बायकांनाही सवय झाली. मी आलो की त्या थोडं सरकून जागा करायच्या. पाऊस आला आणि मी कारखान्यात असलो, तर कुणीतरी माझे कपडे काढून, घड्या घालून दाराच्या कडीला पिशवीत अडकवून ठेवायचं. कुणी ते मी कधी विचारलं नाही. पण घडी कुणाची ते ओळखू यायला लागलं होतं. इगतपुरीच्या ताईंची घडी चौकोनी आणि घट्ट असायची.

ताईंशी माझं बोलणं गच्चीपुरतंच. जिन्यात भेटलो तर दोघंही नुसती मान हलवायचो. वर मात्र त्या पावसाचं, गव्हाचं, गाड्या लेट होण्याचं काहीबाही बोलायच्या. एकदा, दोनेक वर्षांनी असेल, त्यांनी विचारलं, "भाऊ, पोरीला का धाडली हो मावशीकडं?"

"ड्युटीमुळं," मी म्हणालो.

त्यांनी हातातली उशीची खोळ झटकली. "बरं," म्हणाल्या. त्यांना पटलं नव्हतं.

मुलगी दिवाळीला आणि मे महिन्यात यायची. ती आली की मी तिचे कपडे आपल्या हातानं धुवायचो आणि तारेच्या मधोमध वाळत घालायचो. खाकी पँटींच्या मधे तिचा पिवळा फ्रॉक. ताई वर येताच ओरडायच्या, "आली वाटतं पोरगी!" ती आठ-दहा दिवस राहायची. पुस्तक वाचायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. जेवण झालं की स्वतःचं ताट घासून ठेवायची, पाहुण्यानं ठेवावं तसं.

चौदा वर्षांची असताना ती मे महिन्यात आली होती. मी तिचेही कपडे धुऊन वर घातले. थोड्या वेळानं ती वर आली, तारेकडं पाहिलं आणि एकेक चिमटा काढून आपले सगळे ओले कपडे गोळा करायला लागली.

"अगं, वाळले नाहीत अजून."

"मी बाथरूममध्ये घालते. आणि माझे कपडे मी धुईन."

"उन्हात चांगले वाळतात. डॉक्टरांनीसुद्धा..."

"असं सगळ्यांसमोर नाही वाळवत आम्ही. घरी आमची दोरी मागच्या दारी शे." मग ती थांबली आणि दुरुस्त करून म्हणाली, "आहे."

ती कपडे छातीशी धरून खाली गेली. फरशीवर पाण्याचे थेंब पडत गेले. 'घरी' म्हणाली होती ती. सटाण्याला. आणि माझ्यासमोर तिकडची अहिराणी बोली चुकून निघाली म्हणून तिनं ती पुसून घेतली होती, परक्या माणसासमोर पुसावी तशी.  चार दिवसांनी ती गेली. पुढच्या सुट्ट्यांत मी तिच्या कपड्यांना हात लावला नाही.

दोन हजार सालच्या सुमाराला ताईंचे यजमान निवृत्त झाले आणि त्यांनी गावाकडं घर बांधलं. जायच्या दिवशी सकाळी सामान टेम्पोत भरत होते, आणि ताई वर येऊन आपल्या तारेवरची राहिलेली दोन पायपुसणी काढत होत्या.

"चाललो भाऊ. तिकडं पाऊस लय, पण आपलं गाव हाय. येत जा कधी. गाडीनं तासाभराचं तर अंतर."

"येईन ना," मी म्हणालो.

एकदाही गेलो नाही. का गेलो नाही ते मला सांगता येत नाही. गच्ची सोडून त्यांच्याशी कुठं बोलायचं आणि काय, ते मला माहीत नव्हतं, एवढंच असेल.

त्यानंतर गच्ची हळूहळू रिकामी होत गेली. घराघरात वॉशिंग मशीन आली. त्यांच्या ड्रायरमध्ये कपडे फिरून निघाले की बायका ते गॅलरीतच टाकायच्या. जुनी बिऱ्हाडं गेली, नवी आली. ती कामावर जाणारी, दाराला कुलूप असलेली. एका तारेवर केबलवाल्यानं वायरचं भेंडोळं टांगलं, ते तसंच राहिलं. गुडघे दुखायला लागले म्हणून मी कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि मग माझ्या दिवसात धुण्याशिवाय वेळेवर करायचं असं काही उरलं नाही. वर कुणी नसायचं, पण आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं दिसायची. हायवेवरून कांद्याचे ट्रक जाताना दिसायचे. वाळवण घालणारी एक बाई लांबच्या इमारतीवर रोज असायची. ती कोण होती मला माहीत नाही.

मुलगी तोवर इंजिनियर होऊन पुण्याला कंपनीत लागली होती. नोकरीला वर्ष झाल्यावर एका शनिवारी ती आली आणि तिच्या मागोमाग दोन माणसं एक मोठं खोकं उचलून घेऊन आली. धुणं आणि वाळवणं दोन्ही करणारं मशीन होतं ते.

"यातून कपडे कोरडेच बाहेर येतात, पप्पा," ती म्हणाली. "मळके आत टाकायचे आणि घडी घालायला काढायचे. तुमच्या गुडघ्यांना ते जिने नकोत आता." तिनं कोणतं बटण कधी दाबायचं ते कागदावर लिहून मशीनला चिकटवलं. माझ्याकडून दोनदा करून घेतलं. इतकी वर्षं ती माझ्या घरात अशी मोकळी वावरली नव्हती. मला फार बरं वाटलं. मशीनमुळं नव्हे, पण मी तिला सांगितलं, "झकास आणलंस."

मी ते मनापासून वापरलं, हे सांगितलं पाहिजे. वर्षभर वापरलं. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाकारता येणार नाही. जुलैमध्ये गरम, कोरडा टॉवेल हातात येणं ही चैन होती. पण हळूहळू काही गोष्टी नजरेला यायला लागल्या. प्रत्येक वेळी त्याच्या जाळीत राखाडी लव जमायची, बोटभर जाड. मी फिटर माणूस. काम झालं की यंत्राखाली पडलेला कीस पाहिला की किती धातू झिजला ते मला कळतं. ही लव म्हणजे माझे शर्टच होते. सहा महिन्यांत बनियन विरल्या, लेंग्याचे इलॅस्टिक सैल पडले. तारेवर पाच-पाच वर्षं टिकलेले टॉवेल वर्षात जाळीदार झाले. कपड्यांना वास कसलाच नसायचा. लाइटचं बिल वाढलं ते वेगळंच.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. झालं काय, की मला बाहेर पडायचं कारण राहिलं नाही. एका गुरुवारी दूधवाल्यानं काही विचारलं आणि माझा आवाज खरखरीत, तुटका निघाला. घसा धरला म्हणून मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. दुपारी लक्षात आलं की सोमवारपासून मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. आभाळही पाहिलं नव्हतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता की नाही, हे मला सांगता आलं नसतं.

मग ते साडीचं झालं. बायकोच्या साड्या मावशीनं नातेवाइकांत वाटून टाकल्या होत्या. एक जुनी सुती साडी मी ठेवून घेतली होती आणि उन्हाळ्यात पांघरायला वापरत होतो. तिचा रंग कधीच गेला होता. एक दिवस विचार न करता मी ती मशीनमध्ये टाकली. तेव्हा भारनियमन जोरात होतं. मशीन वाळवायला लागलं आणि वीज गेली. दार उघडेना. चार तासांनी वीज आली, ते पुन्हा फिरलं, आणि थांबल्यावर मी दार उघडलं तर साडी दोरखंडासारखी पिळली गेली होती. आत एका शर्टाची बाही अडकली होती. सोडवताना कळलं की साडी मधोमध हातभर फाटली आहे.

मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सुईदोऱ्यानं ती शिवली. जमली तशी. दुसऱ्या दिवशी सगळं धुणं हातानं धुतलं आणि भिंतीला धरून, पायरी पायरीनं वर गेलो. मशीनवर एक चादर टाकली.

मुलीला सांगायचं धाडस झालं नाही. ती फोनवर विचारायची, "मशीन चाललंय ना?" मी म्हणायचो, "एकदम मस्त." असे सहा-सात महिने गेले.

डिसेंबरमध्ये ती न कळवता आली. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला. दार लोटलेलं होतं. तिनं आत येऊन पाहिलं तर मशीनवर चादर, चादरीवर गव्हाची गोणी आणि वर्तमानपत्रांची रद्दी. ती वर आली तेव्हा मी तारेवर पायजमा घालत होतो. थंडी होती, पण ऊन छान होतं आणि कोरडा वारा सुटला होता. अशा दिवशी कपडे दोन तासांत वाळतात.

"बिघडलंय का ते?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग दर वेळी फोनवर खोटं बोलत होतात?"

"तू हौसेनं आणलं होतंस गं."

"म्हणून त्याच्यावर गहू ठेवले?" तिचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "तुम्हाला मी दिलेलं काही ठेवून घेता येत नाही, पप्पा. मला तरी कुठं ठेवून घेतलंत?"

तेरा वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी हातातला चिमटा उघडून मिटत राहिलो. मग म्हणालो, "तुला आठवतं का, तेराव्याच्या आदल्या दुपारी तू मोरीत बसली होतीस? माझी कारखान्याची पँट घेऊन."

"आठवतं."

"महिनाभर पडलेली पँट. भिजल्यावर तुला उचलत नव्हती. दोन्ही हातांनी ओढत होतीस दगडावर. मी दारात होतो. तुला वाटलं मी रागावेन, म्हणून तू म्हणालीस, पप्पा, उद्यापर्यंत वाळेल ना? तुम्हाला ड्युटीला लागेल." मी चिमटा तारेला लावला. "मला धुणं येत नव्हतं. भाकरी येत नव्हती. तुझी वेणी घालता येत नव्हती. मी म्हटलं, ही इथं राहिली तर हिच्या आईचं सगळं काम हिच्या अंगावर पडणार. आणि मी ते पडू देणार, कारण मला दुसरं काही येत नाही. मावशीनं विचारलं आणि मी हो म्हणून टाकलं. थांबून विचार केला असता तर नाही म्हणालो असतो."

तिनं तारेवरच्या पायजम्याची कड सरळ केली.

"ग्रीस निघालं नव्हतं त्या पँटीचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी पँट नीट धुतली नाही म्हणून तुम्ही मला पाठवलं."

"काय?"

"अकरा वर्षांची होते मी. तसंच वाटायचं. सटाण्याला मावशीकडं मी सगळ्यांचे कपडे इतके घासून धुवायचे, की ती ओरडायची. मला भीती वाटायची, तिथूनही पाठवतील."

मी खाली बसलो. गुडघ्यांमुळं मला असं फरशीवर बसता येत नाही, पण बसलो. तीही थोड्या अंतरावर कठड्याला टेकून बसली. आम्ही एकमेकांच्या जवळ गेलो नाही. आमच्यात ती सवयच नव्हती. तिचं लक्ष पलीकडच्या तारेवर गेलं.

"ती आईची आहे?"

"हो. मशीनमध्ये फाटली. चूक माझी, जुनं कापड टाकायला नको होतं."

ती उठली, शिवणीवरून बोट फिरवलं. "टाके फार मोठे घातलेत," म्हणाली. दुपारी ती साडी खाली घेऊन गेली, माझी शिवण उसवली आणि बारीक टाक्यांनी पुन्हा शिवली. मी पिठलं आणि भाकरी केली. भाकरी आता मला बरी येत होती. ती दोन भाकरी जेवली आणि म्हणाली, "छान झालीये." त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो.

यानंतर आमच्यात सगळं सुरळीत झालं, असं नाही. तेरा वर्षं एका दुपारी भरून निघत नाहीत. ती सटाण्याला अजूनही 'घरी' म्हणते, आणि ते बरोबरच आहे. मशीन तिनं पुढच्या महिन्यात टेम्पोतून पुण्याला नेलं. तिचा फ्लॅट चारही बाजूंनी उंच इमारतींत, गॅलरीत ऊन येत नाही, आणि ती घरी येते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. तिथं ते कामाचं आहे. फक्त तिचे सुती ड्रेस ती त्यात वाळवत नाही, खिडकीशी हँगरवर लावते. मी सांगितलं म्हणून. आता फोन दर रविवारी येतो. कधी दोन मिनिटांचा, कधी पाच.

डिसेंबरच्या त्या खेपेला रविवारी संध्याकाळी ती गेल्यावर, तिनं वापरलेली चादर मी चार दिवस धुतली नाही. पलंगावर तशीच, चुरगळलेली राहू दिली. पाचव्या दिवशी भिजवली. डबल चादर होती. ओली झाली की ती एकट्या माणसाला पिळता येत नाही, दोघांनी दोन टोकं धरून उलट-सुलट पीळ द्यावा लागतो. मी एक टोक मोरीच्या नळाला गाठ मारून बांधलं, दुसरं टोक दोन्ही हातांत धरलं आणि मागं सरकत, पाणी गळायचं थांबेपर्यंत पीळ देत राहिलो. मग गाठ सोडली, चादर खांद्यावर टाकली आणि वर गेलो.